स्वमग्न मूल आणि रोजच्या कामातली थेरपी

वस्तीत फिरताना आम्हाला हमखास ऐकू येते, "पोरगं बोलत नाही, पण याचा बापही उशिराच बोलला होता." अशी वाट पाहण्यात मुलाची मोलाची वर्षे जातात. तेवढ्यात अंगारे-धुपारे होतात, आईलाच बोल लावला जातो. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, ही मेंदूच्या वाढीतली वेगळी घडण आहे. ती कुणाच्या नजरेने होत नाही, आईच्या हयगयीनेही होत नाही.

वर्षाचे मूल नावाने हाक मारूनही वळत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोटाने वस्तू दाखवत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर थांबू नका. कान तपासा, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

स्वमग्नता मुळापासून घालवणारे औषध नाही. तसे सांगून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. थेरपीने मात्र मुलाचे रोजचे जगणे सोपे होऊ शकते.

काही मुले चवड्यांवर चालतात, जिना चढताना अडखळतात, लवकर थकतात. फिजिओथेरपिस्ट त्यांचा तोल, ताकद आणि चाल सुधारण्यावर काम करतात. ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात. मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणे, जेवणे, कपडे घालणे, शाळेत बसणे. भारतातली याची पहिली शाळा कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केली. आज नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण मिळते.

मिक्सर किंवा डीजेचा आवाज, नव्या कपड्याचा स्पर्श काही मुलांना सहन होत नाही. ती रडतात, आपटतात. हा हट्ट नसतो, त्रास असतो. त्रास कशाचा हे थेरपिस्ट शोधतात आणि त्यावर उपाय सांगतात.

वणी-उमरखेडहून मजुरी बुडवून दर आठवड्याला यवतमाळ गाठणे कुणाला परवडते? म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, "घरी काय करू?" आणि ते करून दाखवायला सांगा. घरातली कामेच थेरपी होतात: कणीक मळणे, तुरीच्या शेंगा सोलणे, पेल्यातून पेल्यात पाणी ओतणे. सदरा घालताना शेवटचे बटन मुलाला लावू द्या, मग शेवटची दोन. रोज ठरलेल्या वेळी, पंधरा-वीस मिनिटे. जबरदस्ती नको, मार तर नकोच. झोका एखाद्याला शांत करतो, एखाद्याला घाबरवतो. म्हणून तो विचारूनच द्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत असते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी मागा. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागातही दाखवता येते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. केंद्राच्या निरामय विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांत थेरपीही येते. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेने नाही म्हटले, तर नकार लेखी मागा.

आणि शेजाऱ्यांनो, अशा मुलाला वेडा म्हणू नका. त्याला आपल्या पोरांच्या खेळात घ्या.