रात्रीच्या वाटेवरील दिवे

गेल्या पावसाळ्यात मी बेळगावहून बंगळूरला परतत होतो. चित्रदुर्गाच्या आसपास एका अरुंद आडरस्त्यावर समोरून एक मोटार प्रखर दिवे लावून आली. क्षणभर डोळ्यांपुढे पांढऱ्या अंधाराखेरीज काही उरले नाही. ती निघून गेली तेव्हा माझ्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, एक सायकलस्वार संथपणे चालला होता. तो वाचला, यात माझे कौशल्य काहीच नव्हते.

मोटारीच्या दिव्यांनी आपल्याला वाट दिसावी, आपण इतरांना दिसावे आणि तरीही समोरच्याचे डोळे दिपू नयेत, अशा तीन गोष्टी साधाव्या लागतात. यांचा मेळ प्रत्येक देशाने आपापल्या परीने घातला आहे.

आपण डावीकडून वाहने चालवतो. म्हणून आपल्याकडील मंद झोत डाव्या बाजूस किंचित वर चढतो आणि कडेचा पादचारी उजळतो. उजवीकडे मात्र तो खालीच राहतो. उजवीकडून चालणाऱ्या देशांत हीच रचना उलटी असते. तेथील दिवा येथे लावला, तर तो नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, तेव्हा बहुतेक वाहनांचे पुढचे दिवेही बदलावे लागले.

रंगांविषयीही एकमत नाही. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे दिवे लावण्याची सक्ती होती. वळण्याची मागची खूण युरोपात नारिंगी असते. अमेरिकेत ती लालही चालते.

दिवसा दिवे कशाला, असे आपल्याला वाटेल. परंतु हिवाळ्यात जेथे सूर्य क्षितिजालगतच रेंगाळतो, त्या स्वीडनने १९७७ मध्ये ते सक्तीचे केले. आपल्या देशात ऊन मुबलक आहे. तरीही १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. कारण दुचाकीची आकृती लहान. वाहनांच्या गर्दीत ती सहज नजरेतून निसटते.

लिखित नियमांपलीकडे दिव्यांची एक अलिखित बोलीही असते. समोरच्याने दिवा लुकलुकवला, तर इंग्लंडमध्ये पुष्कळदा 'आपण पुढे व्हा' असा अर्थ घेतात; आपल्याकडे बहुधा 'मी येतो आहे, थांबा' असा. परदेशी गेलेल्या आपल्या मंडळींनी हा फरक ध्यानात ठेवावा. तेथे गैरसमजाचे मोल फार मोठे असते.

आपल्या ट्रकांच्या पाठीवर 'रात्री डिपर वापरा' ही विनंती आपण कितीदा वाचली असेल! देशोदेशींचे कायदे भिन्न असले, तरी त्यांचे सार त्या तीन शब्दांत आले आहे. झोत खाली करायला एका बोटाची हालचाल पुरते. समोरून येणारा आपल्याला अनोळखी असतो, आणि त्याच्या डावीकडून कोणी सायकलवरून घरी जात असेल, हे आपल्याला कधीच दिसत नसते.