माल सदोष निघाला. किंमत किती कमी करून घ्याल?

टाइल्सची ६० खोकी घरात रचून झाली होती. मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. वास्तुशांतीला २२ दिवस उरले होते आणि भाड्याचं घर महिनाअखेर सोडतो, असं मालकाला कळवूनही झालं होतं. इंदूरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने सहज म्हणून दोन वेगवेगळ्या खोक्यांतल्या टाइल्स गॅलरीत नेऊन शेजारी शेजारी ठेवल्या. एक दुधी, दुसरी पिवळसर. ट्यूबलाइटखाली कळलाच नव्हता तो फरक उन्हात लपेना.

तिने दुकानदाराला फोन केला. उत्तर ठरलेलं होतं, ''दीदी, इतना तो चलता है. बिछने के बाद पता भी नहीं चलेगा.''

मिस्त्रीही म्हणाला, ''बसवून टाकू, घासल्यावर सारखं दिसेल.'' त्याचंही बरोबर होतं म्हणा. काम थांबलं तर त्याच्या दोन माणसांची रोजी कोण देणार? पण तिने त्याला दोन दिवस थांबवलं. घर बांधताना असे दोन दिवस फार महाग वाटतात. प्रत्यक्षात तेच सगळ्यात स्वस्त पडतात, कारण एकदा टाइल सिमेंटवर बसली की बोलणी करायला हातात फारसं काही उरत नाही.

आधी मोजणी, मग बोलणी

त्या रात्री नवरा-बायकोने सगळी खोकी तपासली. खोक्यावर मालाची प्रत, शेड आणि बॅच क्रमांक छापलेला असतो, तो आपण सहसा वाचत नाही. ४१ खोकी एका बॅचची होती, १९ दुसऱ्या. शिवाय ७ टाइल्सच्या कडा उडालेल्या. तिने प्रत्येक लेबलचा फोटो काढला, दोन्ही रंगांच्या टाइल्स एकत्र ठेवून उन्हातला फोटो काढला आणि सकाळी सगळं व्हॉट्सॲपवर दुकानदाराला पाठवलं. सोबत एवढंच लिहिलं, 'काल आलेल्या मालात दोन बॅच निघाल्या आहेत. माल वापरलेला नाही, तसाच ठेवला आहे. येऊन पाहावं.'

राग नाही, धमकी नाही, पण तारीख, संख्या आणि माल न वापरल्याची नोंद, सगळं त्यात आलं. फोनवर तासभर भांडून हे साधत नाही.

आता पैशांचं गणित. दोन बाय दोन फुटांच्या ४ टाइल्सचं एक खोकं, म्हणजे १६ चौरस फूट. भाव ५५ रुपये फूट, म्हणून खोकं ८८० रुपयांना आणि एकूण बिल ५२,८०० रुपये. तिने ३५,००० आगाऊ दिले होते. १७,८०० बाकी होते. ही बाकी नसती तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती, हे तीच हसत कबूल करते. माल उतरताच सगळे पैसे देऊन मोकळं व्हायची आपल्या घरांतली सवय चांगली खरी, पण तपासणी होईपर्यंत काही रक्कम राखून ठेवली तर त्यात कमीपणा काही नाही. ऑर्डर देतानाच तसं ठरवून घ्यावं.

दुकानदार आला, त्याने टाइल्स पाहिल्या आणि म्हणाला, ''हजार रुपये कमी द्या, विषय संपवा.''

अशा वेळी बहुतेक जण 'हजार नाही, पाच हजार' म्हणतात. मग भाजीबाजारासारखी ओढाताण सुरू होते आणि ज्याला घाई आहे तो हरतो. बहिणीने आकडा सांगितलाच नाही. तिने विचारलं, ''सगळी ६० खोकी एका बॅचची बदलून द्याल?'' तो माल त्याच्याकडे नव्हता. गुजरातमधल्या मोरबीहून मागवायला तीन आठवडे लागणार होते. ''मग ही १९ परत नेऊन पैसे द्याल?'' त्यालाही तो तयार नव्हता, कारण सुटी १९ खोकी घेणार कोण? म्हणजे माल परत नेणं त्यालाच महागात पडणार होतं, हे त्याच्याच तोंडून बाहेर आलं. मगच तिने विचारलं, ''तुमच्या दुकानात याच डिझाइनची दुसऱ्या प्रतीची टाइल ३८ रुपये फुटाने आहे. ही १९ खोकी त्या भावाने लावाल?''

फुटामागे १७ रुपयांचा फरक, ३०४ फूट, म्हणजे ५,१६८ रुपये. दुकानदार म्हणाला, ''माल एक नंबरचाच आहे, फक्त शेड वेगळी.'' तेही खोटं नव्हतं. शेवटी ४,५०० कमी झाले आणि उडालेल्या ७ टाइल्स त्याच बॅचच्या बदलून मिळाल्या. दुधी टाइल्स हॉल, स्वयंपाकघर आणि पॅसेजमध्ये बसल्या, पिवळसर दोन्ही बेडरूममध्ये. दाराच्या उंबऱ्याशी रंग बदलतो, तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुकानदार म्हणत होता, ''साडेचार हजार पुढच्या खरेदीत ॲडजस्ट करतो.'' तिने क्रेडिट नोट मागितली. जीएसटीच्या बिलानंतर किंमत कमी झाली की विक्रेत्याने द्यायचा तो रीतसर कागद आहे. पुढची खरेदी कधी होणार, कुणाला ठाऊक!

जिथे एक रुपयाही कमी करून घेऊ नये

ही गोष्ट ऐकून माझे एक शेजारी उत्साहाने म्हणाले, ''आमच्याही विटा कच्च्या आल्यात, भाव पाडून घेतो!'' त्यांना मी थांबवलं.

रंग, कड, थोडी कमी मोजणी, असे दोष पैशांनी भरून निघतात. ताकदीचा दोष कोणत्याही सवलतीने भरून निघत नाही. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा. साधारण कमरेच्या उंचीवरून टाकली तर चांगली वीट सहसा फुटत नाही. कोरडी वीट वजन करून २४ तास पाण्यात बुडवा. नेहमीच्या भाजक्या विटेचं वजन २० टक्क्यांहून जास्त वाढू नये. म्हणजे ३ किलोची वीट ३.६ किलोच्या पुढे गेली तर ती भिंतीत नकोच. दहा-बारा वेगवेगळ्या ठिकाणच्या विटा अशा तपासा. थोड्याच खराब असतील तर निवडून बाजूला काढा आणि तेवढ्या नगांचे पैसे कापा. बहुतेक तशाच असतील तर सगळी गाडी परत.

सिमेंटचंही तेच. गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट तपासून घेतल्याशिवाय वापरू नये आणि बोटांनी न फुटणाऱ्या गाठी झालेली गोणी तर निम्म्या भावातही घेऊ नये. स्वस्तात मिळालेल्या अशा गोण्या स्लॅबमध्ये गेल्या तर?

सळईत एक गंमत आहे. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८८ किलो भरते, म्हणजे १२ मीटरची एक सळई साधारण १०.६६ किलो. नगावर घेतली आणि वजनात कमी भरली, तर नुकसान उघडच आहे. पण किलोवर घेतली तर वाटतं, हलकी निघाली म्हणून काय झालं, तेवढ्याच पैशांत जास्त नग मिळाले! तिथेच आपण फसतो. सळई हलकी म्हणजे बारीक, आणि इंजिनीअरने हिशेब धरला होता जाड सळईचा. मानकात थोडा फरक चालतो. त्यापलीकडे गेली तर भाव न बोलता माल परत पाठवा आणि इंजिनीअरला दाखवा.

वाळूत मात्र बोलणी करायला भरपूर वाव असतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी रिकामी होण्याआधी हौद्याची लांबी, रुंदी आणि वाळूची उंची फुटांत मोजून गुणाकार करा आणि १०० ने भागा. ओली वाळू फुगते, हे ध्यानात ठेवून भाव बोला. टेप घेऊन घरातली बाई गाडीजवळ उभी राहिली की ड्रायव्हर पहिल्यांदा हसतो. दुसऱ्या खेपेला हौदा काठोकाठ भरलेला येतो, हा माझा अनुभव.

दुकानदार ऐकतच नसेल तर

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही,' असं बिलावर छापलेलं असलं तरी घाबरू नका. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार माल तपासण्याची वाजवी संधी मिळणं हा खरेदीदाराचा हक्क आहे. याच कायद्याचं कलम ५९ सांगतं, की मालाच्या हमीचा भंग झाला असेल तर तेवढी रक्कम खरेदीदार किमतीतून वजा मागू शकतो. वापरलेला माल सहसा परत करता येत नाही, पण किंमत कमी मागण्याचा हक्क तेवढ्याने संपत नाही. सिद्ध करणं मात्र खूप अवघड होतं.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा. त्यानेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग माल दुसऱ्या राज्यातून आलेला का असेना. मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. यासाठी बिल तुमच्या नावावर हवं. 'पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागेल' हे ऐकून ज्यांनी चिठ्ठीवर माल घेतला, त्यांचं अर्धं बळ तिथेच गेलं. ठेकेदारामार्फत माल घेताना तर बिल कुणाच्या नावाने फाटतंय, हे आधी पाहा.

बहिणीची वास्तुशांत ठरल्या दिवशी झाली. दुकानदारालाही बोलावलं होतं; तो पेढे घेऊन आला आणि आधी बेडरूमच्या उंबऱ्याशी थांबून खाली बघत राहिला. उरलेल्या ४ दुधी टाइल्स तिने माळ्यावर ठेवल्या आहेत, खोक्यावरचं लेबल कापून त्यांनाच चिकटवून.