पांढरी बोटे

गेल्या मार्गशीर्षात माझ्या थोरल्या बहिणीला पाहायला पाहुणे आले होते. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यात. महाबळेश्वरच्या डोंगरावरचा वारा तिथे थेट अंगावर येतो. ताईने त्या दिवशी पहाटे उठून हौदाच्या पाण्यात भांडी घासली, अंगण सारवले आणि नऊच्या सुमारास पोह्यांचे तबक घेऊन ती बाहेर आली. तेव्हा तिच्या उजव्या हाताची तीन आणि डाव्या हाताची दोन बोटे खडूसारखी पांढरी पडली होती. मुलाच्या मावशीने ती पाहिली. दोन दिवसांनी निरोप आला, ‘मुलीला कोड आहे.’ वास्तविक अर्ध्या तासात बोटे पूर्ववत झाली होती. पण ते पाहायला कोण थांबतो?

‘घराण्यात कोड’ म्हटल्यावर धाकटी म्हणून माझेही नाव त्यात आलेच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आई म्हणाली, “एवढी शिकतेस, मग सांग की हे काय आहे ते.” इतिहास घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीला हे कुठून ठाऊक असणार? शिक्षणासाठी मी सांगलीला आत्याकडे राहते. सुट्टी संपल्यावर ताईला बरोबर आणले आणि मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवले. दवाखान्यात बसेपर्यंत बोटे अगदी साधी दिसत होती! बाई म्हणाल्या, “पुन्हा होईल तेव्हा फोटो काढून आणा.” दुसऱ्याच दिवशी सकाळी आत्याच्या अंगणात कपडे पिळताना बोटे पांढरी झाली आणि मी मोबाईलवर टिपली. निदानाला तो फोटो फार उपयोगी पडला.

या विकाराला रेनोचा विकार म्हणतात. मॉरिस रेनो या फ्रेंच वैद्याने 1862 साली पॅरिसमध्ये आपल्या प्रबंधात त्याचे वर्णन केले. शंभरातल्या तीन ते पाच माणसांना तो असतो, आणि त्यात बायका अधिक. म्हणजे आपल्या कॉलेजातही काही जणी असतीलच. थंडीत हात पदराआड किंवा ओढणीत लपवून बसणाऱ्या.

होते ते असे. थंडी वाजू लागली की शरीर आतली ऊब राखण्यासाठी हातापायांच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते. हे सर्वांचेच होते. काहींच्या वाहिन्या मात्र गरजेपेक्षा फारच घट्ट मिटतात. रक्त पोचत नाही म्हणून बोट पांढरे पडते. अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपला की ते निळसर होते. आणि वाहिन्या उघडून रक्त परत धावले की लाल होऊन झिणझिण्या येतात, आग होते. तिन्ही रंग प्रत्येकाला दिसतीलच असे नाही. आपल्या सावळ्या कातडीवर पांढरेपणा कधी राखेसारखा दिसतो, म्हणून तळहाताची बाजू आणि नखे पाहावीत. अंगठा बहुधा सुटतो. शिवाय नुसत्या थंडीने नव्हे, तर मनावरच्या ताणानेही असा झटका येतो. हौदाचे गार पाणी आणि परक्या माणसांपुढे तबक धरून उभे राहणे, दोन्ही एकाच सकाळी! त्या दिवशी ताईची बोटे पांढरी पडली नसती तरच नवल.

कोडात कातडीचा रंग तयार करणाऱ्या पेशीच नाहीशा होतात. तो डाग ऊब मिळाल्यावर अर्ध्या तासात जात नाही. कुष्ठरोगाचा चट्टाही असा येत-जात नाही आणि त्याची संवेदना हरपते. अर्थात, ताईला कोड असते तरी काय बिघडले असते, हा प्रश्न मला राहून राहून पडतो. कोड कुणाला लागत नाही. पण हे आमच्या आळीत बोलायचे कसे?

बाईंनी ताईच्या नखांच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगातून तिथल्या सूक्ष्म वाहिन्या पाहिल्या, रक्तही तपासले. सर्व ठीक निघाले. तरुणपणी सुरू झालेला, दोन्ही हातांना सारखा होणारा, जखमा न करणारा प्रकार बहुधा निरुपद्रवी असतो. मात्र तिशीनंतर प्रथमच सुरू झाला, एकाच हाताला झाला, बोटांच्या टोकांना जखमा होऊ लागल्या, कातडी ताठरू लागली किंवा सांधे दुखू लागले, तर त्यामागे दुसरा आजार असू शकतो. तिथे चालढकल नको.

“तंबाखू खाता?” असे बाईंनी विचारले, तेव्हा ताई ठामपणे नाही म्हणाली. मग त्यांनी विचारले, “मिश्री?” ताई गप्प. आमच्याकडे मिश्रीला कुणी तंबाखू समजतच नाही! ती भाजलेली तंबाखूच. तिच्यातले निकोटीन रक्तवाहिन्या आवळते. म्हणजे पहाटे आधी मिश्री आणि मग गार पाणी.

उपाय साधे आहेत. नुसते हात नव्हे, सगळे अंग उबदार ठेवायचे. स्वेटर, कानटोपी, मोजे हे थंडी वाजण्याआधीच घालायचे. बोटे पांढरी झाली की काखेत धरायची किंवा कोमट पाण्यात बुडवायची. शेकोटीवर धरू नयेत; बधिर बोटाला भाजलेले कळत नाही. त्रास जास्त असेल तर रक्तदाबावरची निफेडिपीनसारखी औषधे डॉक्टर देतात. उलट रक्तदाबाच्या व अर्धशिशीच्या काही गोळ्यांनी हा त्रास वाढतोही, म्हणून चालू असलेली औषधे डॉक्टरांना सांगावीत.

पण साधे उपायही सर्वांना साधे नसतात. ताई हिवाळ्यात दुसऱ्याच्या रानात स्ट्रॉबेरी तोडायला जाते. दहिवरात भिजलेली पाने, आणि तोडणी भल्या सकाळची. जाड हातमोजे घातले तर फळ चेंबते, मालक ओरडतो. मग तिने जुन्या लोकरी मोज्यांचे तळवे कापून मनगटात घालायला पट्ट्या केल्या आणि पाटीत गरम पाण्याची बाटली ठेवली. मधूनमधून ती बाटली हातात धरते. झटके कमी झाले आहेत, गेलेले नाहीत.

मिश्री तिने सोडली. आईची डबी अजून चुलीमागच्या कोनाड्यात आहे.