मीठ उन्हाला दाद देत नाही

जयपूरच्या दुर्गापुरा भागात कुणालाही विचारा, सांभरचं मीठ उन्हामुळे पिकतं असंच सांगतील. खरं तर जयपूरहून सुमारे ८० किलोमीटरवरच्या सांभर सरोवरात ऊन फक्त पाणी उडवतं, मिठाला ते जवळपास शिवतही नाही. १०० ग्रॅम बर्फगार पाण्यात ३६ ग्रॅमच्या आसपास मीठ मावतं आणि उकळत्या पाण्यात? ३९! विरघळतं लवकर, पण जास्त नाही.

आता सोरा घ्या, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. आपले द्राक्षबागायतदार ठिबकमधून सोडतात ते 'तेरा-शून्य-पंचेचाळीस' हेच. शून्य अंशाला १३ ग्रॅम विरघळतं, शंभर अंशाला जवळपास २४५.

एवढा फरक का? स्फटिकातल्या धन आणि ऋण आयनांना एकमेकांपासून सोडवायला ऊर्जा खर्ची पडते. सुटलेल्या आयनांना पाण्याचे रेणू घेरतात, तेव्हा ऊर्जा परत मिळते. मिठाचा हा जमाखर्च जवळजवळ बरोबरीत सुटतो. सोऱ्याचा खर्च मोठा, आणि तो वसूल होतो पाण्यातूनच. खत ढवळताना ड्रमला हात लावून पाहा, चांगलाच गार लागतो. अशा पदार्थाला वरून उष्णता मिळाली की त्याची चंगळच.

सांभरच्या पाण्यात मात्र मिठाच्या शेजारी सोऱ्याहूनही विक्षिप्त असा सोडियम सल्फेट राहतो. शुद्ध पाण्यात शून्य अंशाला तो जेमतेम ५ ग्रॅम विरघळतो, ३२.४ अंशाला ५०. थंडीत तो पाण्याचे १० रेणू पोटात घेऊन पारदर्शक स्फटिकांच्या रूपात बाहेर पडतो. पण ३२.४ अंशांच्या पुढे तापवलं, तर तो जास्त विरघळायचं सोडून चक्क कमी विरघळू लागतो! कारण तिथून पुढे तळाशी उरतो तो पाणी नसलेला सल्फेट, आणि तो विरघळताना उष्णता घेत नाही, सोडतो. मिठाच्या संगतीत तर हे वळण बरंच आधी, १८ अंशांच्या आसपासच येतं. जयपूरची हवा वर्षभरात हे दोन्ही आकडे ओलांडते.

उलट्या स्वभावाचं आणखी एक उदाहरण घरातच सापडतं. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या गीझरमध्ये चुन्याचा पांढरा थर नेमका कॉइलवर, सगळ्यात तापलेल्या जागी बसतो. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं. शिवाय त्याला पाण्यात धरून ठेवणारा कार्बन डायऑक्साइड तापल्यावर उडून जातो. तेव्हा कढत पाण्याने तो थर काढायला जाऊ नका, व्हिनेगर वापरा.