दोन नद्यांच्या मुखावरचा पाव

बान मी हा व्हिएतनामी भरलेला पाव खाताना पहिला मान शर्टाला मिळतो. दात लागताच पावाचा पापुद्रा फुटतो आणि चुरा छातीभर पसरतो. आम्ही तो गाडीच्या बॉनेटवर कागद उलगडून, उभ्यानेच खाल्ला. आजूबाजूच्या गाड्यांपाशीही हाच प्रकार चालला होता, त्यामुळे लाजायचं कारण नव्हतं.

बेकरीचं नाव डोंग फुओंग. न्यू ऑर्लिन्सच्या पूर्व टोकाला, शेफ मेंटूर हायवेवर. व्हिएतनामी भाषेत डोंग फुओंग म्हणजे पूर्वेकडचा मुलूख. शेफ मेंटूर हे फ्रेंच, अर्थ ‘खोटारडा सरदार’. अमेरिकेतल्या एका रस्त्यावर पाटी व्हिएतनामी आणि पत्ता फ्रेंच, यात या पावाची निम्मी गोष्ट आली.

आत काचेच्या कपाटांत मूगडाळीचं सारण भरलेल्या पेस्ट्र्या, मूनकेक, पांदानची हिरवी मिठाई. तरी खरी किंमत पावाची. वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळता, वर एक उभी चीर. हातात घेतला तर वजनच लागत नाही. आत डुकराच्या मांसाचा गुळगुळीत रोल किंवा भाजलेलं मांस, यकृताचा पॅटे, मेयॉनेज, व्हिनेगर-साखरेत मुरवलेले गाजर-मुळ्याचे काप, काकडीची लांब फाक, हिरवी मिरची आणि सढळ हाताने कोथिंबीर, तीही देठांसकट. शाकाहाऱ्यांची उपासमार होऊ नये म्हणून टोफूचा बान मीही ठिकठिकाणी मिळतो. शाकाहारी पदार्थाला व्हिएतनामीत ‘चाय’ म्हणतात. हे ठाऊक नसेल तर आपल्याकडचा माणूस कपाची वाट बघत बसेल.

या पावात तांदळाचं पीठ असतं म्हणून तो हलका होतो, असं अनेकजण सांगतात. मला ते पटत नाही. पिठात हवा धरून ठेवतं ते गव्हातलं ग्लुटेन, आणि तांदळात ते नसतंच. तांदूळ जास्त झाला तर पाव जड व्हायचा. करामत आहे भरपूर फुगवलेल्या पिठात आणि भट्टीतल्या वाफेत. पाव आत गेल्यावर पहिली काही मिनिटं वाफ सोडतात. ती गार पिठावर पाणी होऊन बसते, वरची कातडी ओली आणि ताणती राहते, तोवर आतलं पीठ फुगून घेतं. मग वाफ काढली की तीच पातळ कातडी वाळून कडकडते. आपल्या लादीपावात नेमकं उलटं असतं. तिथे गोळे खेटून लावतात, म्हणजे बाजूंना कवच धरायला जागाच राहत नाही. गोव्यात पोर्तुगिजांनी पाव आणला, सायगावात फ्रेंचांनी. दोन्हीकडे साहेब गेला आणि पाव मागे राहिला.

सायगाव फ्रेंचांनी 1859 मध्ये घेतलं. तिथे गहू पिकत नाही, म्हणून पीठ बोटीने यायचं आणि पाव महागाचा, साहेबी. लोक त्याला ‘बान ताय’ म्हणत, म्हणजे पाश्चात्त्यांचा बान (बान म्हणजे पिठाचा पदार्थ). ‘बान मी’, म्हणजे नुसता गव्हाचा बान, हे नाव पुढे रूढ झालं. साहेबाचं नाव पावावरून पुसलं गेलं, हे मला फार आवडतं. 1954 मध्ये देशाची फाळणी झाली आणि उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत आले. त्यांच्यातल्याच एका जोडप्याने 1958 मध्ये सायगावात ‘होआ मा’ हे दुकान काढलं. फ्रेंच रीतीत पाव, मांस, लोणी असं सगळं ताटात वेगवेगळं यायचं. घाईत असलेल्या विद्यार्थी-कामगारांना बसून खायला वेळ कुठला? दुकानाने सगळं पावातच भरून हातात द्यायला सुरुवात केली. आजचा बान मी तिथून आला, असं मानतात.

1975 मध्ये सायगाव पडलं आणि निर्वासितांचे लोंढे अमेरिकेत आले. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप फिलिप हॅनन यांनी छावणीत जाऊन व्हिएतनामी कॅथलिकांना आपल्या शहरात बोलावलं. त्यातले कित्येक 1954 मध्येही एकदा घर सोडून आले होते. शहराच्या पूर्वेला व्हर्साय नावाच्या वस्तीत ते राहिले. नाव पुन्हा फ्रेंचच! 1982 मध्ये डे आणि हुओंग ट्रान या दाम्पत्याने तिथे ही बेकरी थाटली. हुओंगबाईंचे वडील मेकाँगच्या मुखाजवळच्या सोक ट्रांगमध्ये बेकरीच चालवत असत.

ट्रान दाम्पत्याने ज्या गावात भट्टी लावली, तिथे पावाचा अभिमान आधीच होता. मिसिसिपीच्या मुखाजवळचं हे शहरही एकेकाळी फ्रेंचांचंच. इथला पो-बॉय हाही लांब, हलक्या, कुरकुरीत पावातला सँडविच. त्या पावाला ‘फ्रेंच’ म्हणतात खरं, पण त्याची एक मोठी बेकरी 1896 मध्ये जॉर्ज लायडनहायमर या जर्मनाने सुरू केली. बान मी पाहून गावकऱ्यांनी त्याचं बारसं ‘व्हिएतनामी पो-बॉय’ असं केलं. ते फारसं चुकलं असं मला वाटत नाही. दोन्ही दमट, सखल मुलूख, आणि दोन्हीकडे फ्रेंच पाव फुगला, हलका झाला, वरून पातळ झाला. आता डोंग फुओंगचा पाव गावातल्या इतर उपाहारगृहांतही जातो. जानेवारीत कार्निव्हल सुरू झालं की याच बेकरीच्या किंग केक या कार्निव्हलच्या केकसाठी अख्खं शहर रांग लावतं. 2018 मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशनने तिला ‘अमेरिकाज् क्लासिक्स’ हा पुरस्कार दिला. कत्रिना वादळात, 2005 मध्ये, व्हर्सायची वस्ती पाण्याखाली गेली होती. परतून घरं उभी करणाऱ्यांत व्हिएतनामी लोक पहिल्या फळीत होते.

निघताना मी चार नुसते पाव घेतले. चुलतभावाच्या घरी पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. पिशवी उघडली तर पाव चामट, दाबला की दबणारा. या हवेत कवच काही तासही तग धरत नाही. मी हिरमुसलो. वहिनी म्हणाली, “अहो भावजी, द्या इकडे.” तिने ओला हात प्रत्येक पावावरून फिरवला आणि पाव ओव्हनमध्ये सरकवले. पाच मिनिटांनी काढले तेव्हा कडकड आवाज करत होते. कोथिंबीर घरात होतीच. मेयॉनेजच्या जागी तिने लसणाची चटणी लावली आणि टेबलावर आधीच एक वर्तमानपत्र पसरून ठेवलं.