शेडवरचे दगड

मैत्रिणींनो, तुमच्या परसातल्या शेडवर दगड आहेत का हो? हसू नका. एकदा मागच्या दारी जाऊन वर बघून या, मग पुढचं वाचा.

आमच्या शेडवर अकरा दगड होते. शेड म्हणजे काय, चार लाकडी खांब आणि वर टीनाचे पत्रे. पण घरातलं निम्मं बाईचं जग त्या शेडखालीच असतं. चूल तिथं, सरपण तिथं, शेळी तिथं, बियाण्याची पोती तिथं, खुरपी-टोपली तिथं. दुपारी पापड लाटायला गल्लीतल्या बाया जमतात, त्याही तिथंच. उन्हाळ्यात वावधान सुटलं की पत्रे उडतात, म्हणून कधीकाळी सासऱ्यांनी वर दगड ठेवले. पत्रा वाजला की आणखी एक दगड. असं करत करत अकरा झाले.

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास आपल्या हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचे दोन धक्के बसले. पहिला ४.५ रिश्टरचा. भांडी वाजली, लोक रस्त्यावर आले. त्यानंतर आपल्या भागात प्रशासनानं आवाहन केलं होतं की पत्र्यावर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्या. पेपरात आलं, मोबाईलवर फिरलं. मी स्वतः बचत गटाच्या बैठकीत ते वाचून दाखवलं. आणि घरी आल्यावर विसरले! लोकांना सांगण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

१० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा तसाच धक्का बसला. केंद्र आमच्याच कळमनुरी तालुक्यात. सासूबाई शेडमध्ये पाटावर बसून मेथी निवडत होत्या. शेळी ओरडली म्हणून उठून चार पावलं गेल्या, आणि धाडकन आवाज झाला. मी धावत गेले तर पाटावर दगड, दगडाखाली मेथी. सासूबाई दाव्याला धरून उभ्या. म्हणाल्या, "माय, शेळीनं वाचवलं गं मला." मला बोलताच येईना. ज्या बाईनं सगळ्या गटाला आवाहन वाचून दाखवलं, तिच्याच घरचा दगड होता तो.

त्याच दिवशी बाकीचे दहा दगड खाली उतरवले. पण दगड काढले की वाऱ्यानं पत्रा जाणार! मिस्त्री आला, बघून म्हणाला, "वैनी, ह्या पत्र्यांना हूकच नाहीत." तेव्हा डोक्यात उजेड पडला. शेडवरचा दगड म्हणजे न मारलेला हूक. दहा-वीस रुपयांचं काम वाचवायचं, आणि तेवढं वजन घरच्यांच्या डोक्यावर टांगून ठेवायचं.

मग नवं शेड बांधायचं ठरलं आणि घरात सभा भरली. आमचे हे म्हणाले, "सिमेंटचे पत्रे टाकू, तापत नाहीत." पुतण्या म्हणाला, "काकू, कलरचा पत्रा घ्या, दिसायला भारी." सासूबाई म्हणाल्या, "तुराट्याचा कूड अन् वर गवत. आमचं आयुष्य गेलं त्याच्यात, कामून बदलता?" गंमत बघा, शेडखाली बसणार आम्ही दोघी, आणि दुकानात निघाले होते काका-पुतणे! या वेळी मी म्हटलं, मीही येते.

सिमेंटच्या पत्र्याचं आधी सांगते. तो टीनापेक्षा कमी तापतो हे खरं. पण तो जड असतो, आणि ठिसूळही. वर पाय पडला की मोडतो. दुसरं म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसमुळे कॅन्सर होऊ शकतो. पन्नासहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे, आपल्याकडे मात्र पत्रे विकले जातात. धड पत्रा नुसता वर असताना धोका कमी. तो कापताना, फोडताना, भोकं पाडताना जी धूळ उडते ती वाईट. आणि ती धूळ झाडते कोण? आपणच. घरी जुने पत्रे असतील तर त्यांचे तुकडे चुलीजवळ, कोंबड्यांच्या खुराड्यावर वापरू नका. काढायचे झालेच तर आधी पाणी मारून ओले करा, अख्खे उतरवा, कोरडं झाडू नका. ॲस्बेस्टॉस नसलेले पत्रेही मिळतात, दुकानदाराला स्पष्ट विचारा.

गवत आणि तुराट्या थंडाव्याला छान, भूकंपात डोक्यावर पडल्या तरी जीव जात नाही. पण खाली चूल! एक ठिणगी पुरे. शिवाय वाळवी लागते आणि दर दोन-तीन वर्षांनी छत शाकारायला माणूस मिळत नाही.

उरला टीनाचा पत्रा. हलका, टिकाऊ, पण एप्रिल-मे मध्ये खाली भाजून निघतं. कलरचा असो की साधा जस्ताचा, आधी जाडी विचारायची. दुकानदार गेज सांगतो, त्यात एक फसगत आहे. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ! म्हणून मिलिमीटरमध्ये विचारा. आम्ही अर्धा मिलिमीटरचे घेतले.

शेवटी आमचं शेड एका साहित्याचं झालंच नाही. जिथं जे लागतं, तिथं ते. खांब लोखंडी अँगलचे, बुडाशी काँक्रीट. वर टीन. चुलीच्या बाजूला टीनाचीच भिंत, कारण आग. उरलेल्या दोन बाजूंना सासूबाईंचा तुराट्याचा कूड, शेणामातीनं लिंपलेला. पुढची बाजू मोकळी. दगड-मातीच्या जाड भिंतींचं कोणी नावच काढलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत अशाच भिंतींखाली हजारो जीव गेले, ते मराठवाड्यात कोण विसरेल?

हूक मात्र मी समोर उभं राहून मारून घेतले. रबराचा वायसर लावून, पत्र्याच्या उंचवट्यावर. खोलगट भागात भोक पाडलं की तिथूनच पाणी गळतं. उन्हावर उपाय म्हणून वरून पांढरा चुना दिला. अहमदाबादेत गरीब वस्त्यांमधल्या छपरांना असाच पांढरा रंग देतात, ऊन परतून जातं म्हणून. आमच्या शेडमध्ये फरक हाताला कळतो. पावसानं चुना धुतला जातो, म्हणून दर मार्चमध्ये पुन्हा द्यायचा.

आणखी दोन गोष्टी. टीनाच्या शेडमध्ये बल्बची वायर पत्र्याला घासू देऊ नका, आणि कपडे वाळत घालायची तार पत्र्याला बांधू नका. वायर सोलली गेली की अख्ख्या शेडमध्ये करंट उतरतो, ओल्या हातानं कपडे घालणारी बाई आधी सापडते. वायर पाईपमधून न्या. दुसरं, हळद, बियाणं, धान्य टीनाच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. थंडीत पत्र्याला आतून घाम फुटतो. वर्षभराच्या कष्टाच्या हळदीला बुरशी लागली तर भाव कोण देणार? खाली लाकडी फळ्या टाका, भिंतीपासून वीतभर लांब. खताची पोतीही वेगळी ठेवा, त्यानं पत्रा गंजतो. आणि फवारणीचं औषध कुलपात.

आता शेडवर एकही दगड नाही. मे महिन्यात वावधान आलं, आम्ही दोघी दारात उभ्या राहून बघत होतो. पत्रा हलला नाही. सासूबाई म्हणाल्या, "अन् ते दगड कुठं गेले?"

त्यातल्या दहांची आम्ही तुळशीभोवती आळी केली आहे. अकरावा, पाटावर पडलेला, मी शेडच्या दारात ठेवला आहे. गटातल्या बाया आल्या की त्याच्यावर बसतात, आणि मी दर वेळी एकच विचारते, "तुझ्या घरचे उतरवलेस का गं?"