बियाण्याचा श्वास कसा मोजतात ?

कणगींत ओलसर धान्य भरून आठ दिवसांनीं आंत हात घातला, तर ऊब लागते. ही ऊब दाण्याच्या श्वासाची होय. बीं जिवंत असल्यामुळें तें हवेंतील प्राणवायु घेऊन आपल्यांतील पिष्ट व साखर हळूहळू जाळीत असतें. १०० भाग द्राक्षशर्करा जळाली असतां ६० भाग पाणी उत्पन्न होतें. म्हणजे ओलें धान्य आपल्याच श्वासानें अधिक ओलें होतें, पुढें बुरशी चढते व उगवण बुडते.

परंतु एका दाण्याचा, किंवा त्यांतील नुसत्या अंकुराचा श्वास मोजावा कसा ? जर्मनींतील ऑटो वारबुर्ग (१९३१ चें नोबेल पारितोषिक) यांनीं रूढ केलेल्या उपकरणांत नमुना लहान कुपींत ठेवीत. कुपींतील कॉस्टिक पोटॅशचें पाणी कर्बद्विप्राणिल वायु शोषून घेई. त्यामुळें जितका प्राणवायु खर्चे तितका दाब उतरे, व तो नळींतील द्रवाच्या उंचीवरून वाचतां येई. मात्र उष्णता एक अंशानें वाढली तरी वायु सुमारें तीनशेंव्या भागानें फुगतो ! म्हणून कुप्या स्थिर उष्णतेच्या पाण्यांत बुडवून शेजारीं एक नमुन्यावांचून कोरी कुपी ठेवीत व तिचा फरक वजा करीत. आपल्या खताच्या प्रयोगांत बिनखताचा वाफा असतो तो याचसाठीं. आणि आपण नेमका तोच राखावयास विसरतों.

कोपनहेगन येथें एका बिअरच्या कारखानदारानें १८७५ सालीं काढलेली कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा आहे. नत्र मोजण्याची केल्डाल यांची रीत (१८८३) व माती-तपासणीच्या कागदावर दिसणारा पीएच अंक (१९०९) हीं दोन्हीं तेथलींच. तेथेंच १९३७ सालीं लिंडरस्ट्रोम-लांग यांनीं 'बुडी मारणारी कुपी' योजिली. बारीक मानेच्या इवल्याशा कांचेच्या कुपींत नमुना, थोडी हवा व अल्काचा थेंब घालून ती क्षारांच्या द्रवांत तरंगत ठेवावयाची. प्राणवायु खर्चला कीं आंतील हवा आकसते व कुपी बुडूं लागते. मग वरील दाब कमी करून ती पूर्वीच्या खुणेवर आणावयाची. दाबांतील हा फरक हाच सारा हिशेब. ही रीत वारबुर्ग-कुपीहून सुमारें हजारपट सूक्ष्म ठरली, व एकाच अमीबाचा श्वासही मोजतां आला.

१९५६ सालीं क्लार्क यांचा विद्युत्-अग्र प्रसिद्ध झाल्यावर पाण्यांतील प्राणवायु विजेच्या प्रवाहावरून वाचतां येऊं लागला, आणि कुप्यांचा खटाटोप पुष्कळसा मागें पडला.

कणगीपुरता ठोकताळा असा : बियाण्यांतील ओलावा शेकडा १४ पासून ५ पर्यंतच्या मर्यादेंत एकेक अंशानें उतरविला, तर दर अंशास त्याचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें.